शेतातल्या खापराची साक्ष

गेल्या महिन्यात चाकणच्या पुढे एका सभासदांच्या शेतावर उसाची पाहणी करायला आम्ही गेलो होतो. बांधालगतचा उंचवटा जेसीबी लावून सपाट करण्याचे काम चालू होते. मातीच्या ढिगात खापराचे तुकडे दिसले म्हणून आम्ही चार-दोन उचलले. सभासद हसून म्हणाले, "अहो, ही पांढरीची माती. यात खापरं निघायचीच. खताला मात्र लई झकास!"

काळीत पीक आणि पांढरीवर वस्ती, ही आपली जुनी वाटणी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, भिंतींची माती साचून पांढर तयार होते, म्हणूनच ती खताला चांगली. पण तीत गावाचा इतिहासही साचलेला असतो. खापर शंभर वर्षांचे की तीन हजार वर्षांचे, हे जाणकाराने पाहिल्यावाचून ठरत नाही. म्हणून या खापराविषयी चार शब्द.

सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या प्रवरेच्या कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण नेमक्या त्याच साली, त्याच प्रवरेच्या खोऱ्यात, संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावी डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव उत्खनन करीत होते, हे फार थोड्यांना माहीत असेल. तिथे तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि मिळाली एक वेगळ्याच जातीची भांडी. चाकावर घडवलेली, तांबडी, वर काळ्या रंगाची नक्षी. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणकन वाजावीत. माठ घेताना आजही आपण हीच परीक्षा करतो की नाही?

पुढे अशीच भांडी नेवासे, दायमाबाद, तापीकाठचे प्रकाशे आणि आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोली व इनामगाव येथे मिळाली. इतक्या दूरदूरच्या गावांत एकाच घडणीची भांडी, तशाच तोट्या, तसेच कंगोरे! म्हणजे ही गावे एकमेकांना ओळखत होती, त्यांच्यात देवाणघेवाण होती. लिहिण्याची विद्या त्यांच्याकडे नव्हती. त्यांचे दप्तर म्हणजे ही खापरेच.

शिरूर तालुक्यातील इनामगावी १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. डॉ. सांकळिया, डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर यांनी तिथे शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. सर्वांत खालच्या थरात माळवा पद्धतीची भांडी, त्यावर जोर्वे, आणि सर्वांत वर उत्तर-जोर्वे. कार्बन-१४ पद्धतीने काळ काढला तेव्हा वस्ती साधारण इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची ठरली.

तिथे कुंभाराची गोल भट्टी सापडली. कुंभार, सोनार, चुना भाजणारे यांची घरे गावाच्या पश्चिम अंगाला होती, आणि सधन शेतकऱ्यांची मध्यभागी. बलुतेदारीची आठवण व्हावी अशीच ही मांडणी. मध्येच एक पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. हे घर गावच्या मुखियाचे असावे, असे अभ्यासकांचे मत. त्या लोकांनी पाटही खणला होता आणि बांधही घातला होता. पाटपाण्यावर पीक घेणारे आपण काही पहिले नव्हे!

मन हलते ते घरातल्या जमिनीखालची मडकी पाहून. मूल दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्यांत त्याला पुरीत; तेही घरातच. अशी दफने पुष्कळ मिळाली. चांडोलीला सापडलेल्या तांब्याच्या मण्यांत तर जवसाच्या धाग्याचे अवशेष टिकून होते. कुणाच्या तरी हाताने ते मणी ओवले होते.

आणि शेवट? इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे अभ्यासक मानतात. ते खापरातही दिसते. भांड्यांचे आकार तेच, पण घडण ओबडधोबड. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले. पाट होता, बांध होता. पण पाणीच नव्हते. ऊस पिकवणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

हे सारे कळले ते खापर ज्या थरात होते त्याच थरात सापडले म्हणून. जेसीबीच्या एका फेऱ्यात खालची माती वर आणि वरची खाली झाली की खापर उरते, पण साक्ष जाते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखाने, गोदामे, प्लॉट वाढत आहेत. कामधंदा हवाच, त्याला आमची ना नाही. पण भीमा-इंद्रायणीकाठची एकेक पांढर न पाहताच सपाट झाली, तर आपल्या पूर्वजांचे दप्तर आपणच फाडल्यासारखे होईल.

तेव्हा सभासद बंधु-भगिनींना एवढीच विनंती. उंचवट्यात रंगीत खापरे, मडकी, हाडे वा मणी दिसले तर तेवढ्यापुरते काम थांबवा. वस्तू उपसू नका. जागेवरच फोटो घ्या आणि तहसील कचेरीत किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागास कळवा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदाही सांगतो.

आमच्या त्या सभासदांनी पांढरीचा उरलेला तुकडा तूर्त तसाच ठेवला आहे. निघताना म्हणाले, "दोन ट्रॉल्या खत कमी पडंल, एवढंच ना? पडू द्या."