मोडकी गिटार आणि ‘फझ’ची पेटी

विद्युत्-गिटारीची मान एकदां मोडली कीं तिचें पुढचें आयुष्य बहुधा माळ्यावरच जातें. लांकूड पिचलें, तारा गंजल्या, म्हणजे वाद्य संपलें असा सर्वसाधारण समज असतो. परंतु तिच्या पोटांतील विजेच्या मांडणीला मानेच्या दुखण्याशीं कांहींच कर्तव्य नसतें. आवाज व स्वराची छटा कमीजास्त करणारे दोन-चार पोटेन्शिओमीटर, एखादा कंडेन्सर, बाहेरची तार जोडण्याचा जॅक आणि तारांखालचे पिकप, एवढा हा संसार. त्यांतील कांहीं भाग घेऊन वादकाच्या पायापाशीं ठेवावयाची ‘फझ’ची पेटी घरीं बनवितां येते. मात्र कोणता भाग कामाचा व कोणता नाहीं, हा विवेक आधीं केला पाहिजे.

फझ म्हणजे निर्मळ स्वराला मुद्दाम आणलेला घोगरेपणा. त्याच्या लौकिकाचें मूळ एका बिघाडांत आहे. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचें ध्वनिमुद्रण चालू असतां यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास-गिटारीचा आवाज फाटून निघाला. तो तसाच ठेवण्यांत आला व १९६१ सालीं गीत प्रसिद्ध झालें. ध्वनियंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनीं तोच आवाज ट्रॅन्झिस्टरांच्या साहाय्यानें हुकमी काढण्याची युक्ति योजिली, आणि १९६२ सालीं ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ ही पेटी बाजारांत आली. १९६६ सालीं लंडनमध्यें ‘फझ फेस’ निघाली; जिमी हेंड्रिक्सनें ती जगप्रसिद्ध केली. घरीं बनविणाऱ्यास हीच सोयीची, कारण तिच्या मंडलांत दोन ट्रॅन्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर व दोन पोटेन्शिओमीटर यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं.

तिचें कार्य समजण्यास कठीण नाहीं. पहिला ट्रॅन्झिस्टर गिटारीकडून आलेली क्षीण लहर मोठी करतो, दुसरा ती आणखी वाढवितो. परंतु बॅटरी अवघी नऊ व्होल्टची. त्या छताला लहरीचे माथे टेकतात व सपाट होतात. अशा चेपलेल्या लहरींत मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर नव्यानें उत्पन्न होतात, आणि कानाला घोगरेपणा जाणवतो. दोन-तीन स्वर एकदम छेडले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेहि स्वर उमटतात व सगळा गोंधळ होतो. म्हणून फझवर एकेकटा स्वर शोभतो.

आतां मोडक्या गिटारीकडे वळावें. तिचा ५०० किलोओहमचा आवाजाचा पोटेन्शिओमीटर ‘फझ फेस’च्या आवाजाच्या जागीं नेमका बसतो, मूळ पेटींतहि त्याच मापाचा असे. फझचें प्रमाण ठरविणारा दुसरा मात्र १ किलोओहमचा लागतो. तो गिटारींत मिळत नाहीं, विकतच आणावा. फिरवितांना खरखर करणारा पोटेन्शिओमीटर लगेच टाकून देऊं नये. पुष्कळदां कार्बनच्या पट्टीवर धूळच बसलेली असते व साफ करण्याचा फवारा आंत मारून तो वीस-पंचवीस वेळां फिरविला कीं शुद्धीवर येतो. तार सोडवितांना तापलेला सोल्डरिंग आयर्न त्याच्या पाठीवर फार वेळ टेकूं नये, नाहीं तर आंतली पट्टीच करपते. जुन्या डाखांत शिसें असतें, तेव्हां काम आटोपल्यावर हात धुवावे. स्वरछटेचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पेटीच्या शेवटीं चालतो. मूळ आकृतींत तेथें ०.०१चा आहे, पण कानाला फरक क्वचितच कळेल. गिटारीचा जॅक बाहेरच्या बाजूस लावावा. आंत येणाऱ्या बाजूचा जॅक स्टिरिओ जातीचा हवा, म्हणजे तार खुपसतांच बॅटरी चालू होते व काढतांच बंद. गिटारीचा नाजूक खटका पायाखालीं टिकत नाहीं. तेथें पायानें दाबण्याचा मजबूत खटकाच पाहिजे. पिकप पेटींत घालण्यांत कांहीं हंशील नाहीं. लोहचुंबकाभोंवतींचे तारेचे ते हजारो वेढे घरांतील विजेची गुणगुण तेवढी गोळा करतील.

ट्रॅन्झिस्टर जर्मेनियमचेच हवेत असा कित्येकांचा आग्रह असतो. ते उष्णतेनें बिथरतात, आणि मुंबईच्या उन्हाळ्यांत हा आग्रह महागांत पडतो. बीसी १०८ सारखे सिलिकॉनचे घ्यावे. जोडणी झाल्यावर दुसऱ्या ट्रॅन्झिस्टरच्या कलेक्टरवर सुमारें साडेचार व्होल्ट येतात कीं नाहीं, तें मीटरनें पाहावें. न आल्यास ८.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून पाहावा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा पेटी म्हणून चालतो. त्याला मंडलाची ऋण बाजू जोडली कीं बाहेरची गुणगुण अडते. पायाचा भार सोसण्यासाठीं आंत लांकडाचा तुकडा ठोकावा.

या पेटीची खरी खुबी तिच्या प्रवेशद्वारीं आहे. सामान्य ध्वनिवर्धक गिटारीवर भार टाकीत नाहीं. त्याचा प्रवेश-रोध दहा लाख ओहमच्या आसपास असतो. ‘फझ फेस’चा कांहीं हजारच. त्यामुळें पिकपचे वेढे पेटीच्या मंडलाचाच एक भाग बनतात. वादकानें हातांतल्या गिटारीचा आवाज किंचित् उतरविला कीं पोटेन्शिओमीटरची हजारो ओहमची पट्टी वाटेंत आडवी येते, प्रवाह घटतो, आणि फाटका आवाज बघतां बघतां निवळतो. पायाजवळची कळ फिरवून इतकी सुंदर निवळण मिळत नाहीं. म्हणून ही पेटी गिटारीच्या लगत, इतर सर्व पेट्यांच्या आधीं जोडावी. मध्यें दुसरी एखादी वर्धक-पेटी आली, तर गिटार व फझ यांचा हा प्रत्यक्ष संबंध तुटतो आणि गिटारीवरील कळ आवाज नुसता लहान-मोठा करीत राहते.