ट्रॉली रानात रुतते का? एचपी नंतर, आधी हुक, टायर आणि वजन बघा

गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णा-वारणाकाठच्या काळ्या रानात एक चित्र हमखास दिसतं. भरलेली ट्रॉली अर्ध्या चाकापर्यंत रुतलेली, पुढं एक ट्रॅक्टर, त्याच्या पुढं साखळीनं जोडलेला दुसरा ट्रॅक्टर आणि बांधावर उभं राहून सूचना देणारी दहा माणसं. यात ऊसवाल्याचा खर्च दुहेरी होतो. ओढायला आणलेल्या ट्रॅक्टरचं भाडं त्यालाच द्यावं लागतं, ड्रायव्हरची एन्ट्री वेगळी, आणि ज्या सऱ्यांवरून ही ओढाताण होते तिथला खोडवा पुढं नीट फुटत नाही. कधी कधी तर ट्रॅक्टरच पुढून उभा राहून ड्रायव्हरच्या अंगावर येतो.

गावातल्या वर्कशॉपमध्ये ट्रॉली बनवताना किंवा जुनी दुरुस्त करताना बहुतेक जण साटा किती मोठा, फाळके किती उंच आणि रंग कोणता एवढंच बघतात. रानातून माल बाहेर काढायचा असेल तर बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

ताकद इंजिनात असते, पकड वजनात

५० एचपीचा ट्रॅक्टर असून ट्रॉली निघत नाही म्हणून ६० एचपीचा आणतात, तरी चाक फिरतच राहतं. याचं गणित सोपं आहे. भरून एकूण १० टन वजन झालेली ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर चालती ठेवायला ढोबळमानानं २०० ते २५० किलोची ओढ पुरते. तीच ट्रॉली मऊ, ओल्या रानात आली की दीड ते दोन टनांची ओढ लागते, कारण प्रत्येक चाक स्वतःच केलेल्या खड्ड्यातून सतत वर चढत असतं. आता ट्रॅक्टरचं बघा. दोन-सव्वादोन टनाच्या टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचं मागच्या चाकांवर येणारं वजन साधारण दीड टन. ओल्या मातीत त्यातली निम्मीच पकड मिळते. म्हणजे ओढ पाऊण टनाच्या आसपास. लागते दीड टन, मिळते पाऊण टन. इंजिन कितीही मोठं असलं तरी ते फक्त चाक जास्त जोरात फिरवणार आणि खड्डा जास्त खोल करणार.

म्हणून रानातून ट्रॉली काढायचे मार्ग तीनच: ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर वजन वाढवणं, ट्रॉलीचं चाक कमी रुतेल असं करणं, किंवा रानात भरणंच कमी ठेवणं. तिसरा मार्ग फुकट आहे, पण तोच कुणाला पटत नाही.

वजन वाढवायला मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण ७५ टक्के भरतो. तेवढंच भरायचं, वरची जागा हवेला ठेवायची. चाकाला लोखंडी वजनंही मिळतात. मागं वजन वाढवलं की पुढं बंपरला वजनं हवीतच, नाहीतर स्टेअरिंग हलकं पडतं. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढची चाकंही ओढतात, त्यामुळं तोच ट्रॅक्टर बराच जास्त माल काढतो.

दोन चाकी की चार चाकी?

दोन चाकी ट्रॉलीचा धुरा साट्याच्या मधोमध नसतो, थोडा मागं असतो. त्यामुळं मालाचा काही भार हुकावर येतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं दाबली जातात. रानात ही गोष्ट फायद्याची. पण भरताना मागच्या बाजूला जास्त माल टाकला तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरचं मागचं वजन कमी होतं आणि पकड जाते. उलट सगळा माल पुढं रचला तर हुक इतका दाबतो की पुढची चाकं जमिनीला नावालाच टेकतात. दोन्ही वाईट.

चार चाकी ट्रॉली स्वतःच्या चाकांवर उभी असते. हुकावर भार जवळजवळ येत नाही. रस्त्याला ती चांगली, माल जास्त बसतो. चिखलात मात्र ट्रॅक्टर हलका राहतो आणि ट्रॉली जड. ऊस वाहतुकीला एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात, त्या जाणते ड्रायव्हर रानातून एकेक करून काढतात आणि डांबरीवर आल्यावर जोडतात. त्यातही रान ओलं असेल तर ट्रॉली निम्मी भरून रस्त्याच्या कडेला आणायची आणि कडेच्या सऱ्यांतल्या मोळ्या तिथं वर चढवायच्या. टोळीला चार पावलं जास्त चालावं लागतं, त्यासाठी मुकादमाशी आधीच बोलून घेतलेलं बरं.

टायर: नक्षी नाही, रुंदी बघा

ट्रॉलीचं चाक ओढत नाही, नुसतं गडगडतं. त्यामुळं त्याला ट्रॅक्टरसारख्या खोल दातांची गरज नाही. गरज आहे रुंदीची आणि उंचीची. रुंद टायर वजन पसरवतो, मोठ्या व्यासाचा टायर खड्ड्यातून सहज वर येतो. विमानाचे जुने टायर गाड्यांना बसवण्याची पद्धत आपल्याकडं पडली ती यामुळंच.

पण मोठा टायर बसवला की साटा उंच होतो. साटा उंच झाला की माल उंच जातो आणि बांधावरून तिरकी उतरताना ट्रॉली कलंडते. उसाची ट्रॉली आधीच डोंगरासारखी रचलेली असते, त्यात वीतभर उंची वाढली तरी फरक पडतो.

आणखी एक गोष्ट वर्कशॉपमध्ये क्वचितच बघितली जाते. ट्रॉलीच्या चाकांमधलं अंतर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांइतकंच असावं. म्हणजे ट्रॅक्टरनं दाबलेल्या चाकोरीतूनच ट्रॉली जाते. अंतर जुळत नसेल तर ट्रॉली नव्या मऊ मातीत दुसरी चाकोरी पाडते, डिझेल जास्त जातं आणि रान दुप्पट तुडवलं जातं. बहुतेक ट्रॅक्टरला मागच्या रिमची बाजू बदलून हे अंतर कमी-जास्त करता येतं.

हवा कमी केली तर रानात टायर पसरतो आणि कमी रुततो, हे खरं आहे. पण त्याच हवेवर भरलेली ट्रॉली वीस-पंचवीस किलोमीटर कारखान्यापर्यंत नेली तर टायरची बाजू तापून फुटते. हवा कमी करायची असेल तर रस्त्यावर पुन्हा भरायची सोय जवळ हवी. टायरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त वजन कमी हवेवर कधीच नाही.

पाट्यांबद्दल थोडक्यात. एखादा पाटा वाढवला की ट्रॉली कमी दबते, एवढंच. धुरा, बेअरिंग आणि टायर तेच राहतात. पाटा वाढला म्हणजे वजन वाढवायचं लायसन मिळालं असं नाही.

हुक आणि पिन: इथं जीव जातो

ट्रॅक्टर मागं उलटण्याचं मुख्य कारण हुकाची उंची. ट्रॉली रुतून अडकली आणि मागचं चाकही खड्ड्यात घट्ट बसलं की इंजिनची ताकद चाक फिरवू शकत नाही. मग ती ट्रॅक्टरचं धूडच मागच्या धुऱ्याभोवती फिरवते आणि पुढची चाकं उचलतात. साखळी जितकी वर बांधलेली, तितका ट्रॅक्टर लवकर उभा राहतो. हे इतक्या झटक्यात होतं की क्लचवर पाय जाईपर्यंत वेळ गेलेली असते.

म्हणून ओढायची साखळी टॉप लिंकला, सीटखाली किंवा धुऱ्यावरून कधीही बांधू नये. ओढ खालच्या ड्रॉबारलाच. मागच्या चाकाला लाकूड बांधून किंवा चाकापुढं ओंडका टाकून निघायचा प्रयत्न सगळ्यात धोक्याचा. चाक अडलं की ट्रॅक्टर फिरलाच म्हणून समजा. पुढं निघत नसेल तर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर आधी मागं किंवा बाजूला घ्यावा, जागा कोरडी करावी आणि मग लांबून साखळीनं ओढावी.

पिन योग्य जाडीचीच हवी आणि तिला खालून लॉक हवं. पिनेच्या जागी बांधकामाची सळई किंवा जुना बोल्ट घातलेल्या ट्रॉल्या आजही रस्त्यावर दिसतात. रानातल्या हिसक्यांनी दांडीचं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं असेल तर तो कडा बदलावा, वेल्डिंगनं भरून भागवू नये. नवी ट्रॉली करताना फिरता कडा मिळाला तर घ्यावा. ट्रॉली बाजूला कलंडली तरी तो फिरतो आणि ट्रॅक्टरला सोबत ओढत नाही. शिवाय दांडीखालून दोन्ही बाजूंनी तिरकी जाणारी सेफ्टी साखळी असली तर पिन तुटली तरी ट्रॉली सुटून जात नाही.

वायर रोपनं ओढताना सगळ्यांनी रोपच्या लांबीपेक्षा लांब उभं राहावं. ताणलेला रोप तुटला की चाबकासारखा परत येतो.

रान आधी तयार करा

ट्रॉलीवर पैसे घालण्याआधी वाट बघा. काळ्या रानाला तोडीच्या आधी किमान पंधरा दिवस पाणी बंद हवं. ट्रॉली सगळ्यात जास्त अडकते ती रानातून रस्त्यावर चढताना. दहा फुटाला एक फूट चढ असला तरी १० टनांच्या ट्रॉलीला १ टनाची ओढ आणखी वाढते. तिथली माती फावड्यानं तासून चढ लांबवला तर तासाभराच्या कामात दुसऱ्या ट्रॅक्टरचं भाडं वाचतं. मऊ जागी पाचट किंवा वाढ्यांचा जाड थर टाकला की चाकाला पकड मिळते. वाळलं पाचट सायलेन्सरला लागणार नाही एवढं बघावं.

रानात वाट एकच ठेवावी. माती सगळ्यात जास्त दबते ती पहिल्याच खेपेला. प्रत्येक खेपेला नवी वाट धरली तर सगळंच रान घट्ट होतं, आणि जड धुऱ्याखाली खोलवर दबलेली माती नांगरटीनं सुटत नाही.

ब्रेक आणि उजेड

दोन टनाचा ट्रॅक्टर दहा-पंधरा टनांना थांबवतो, हे मुळातच उलटं आहे. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि दांडीवर आडवी येते. ट्रॉलीला हायड्रोलिक किंवा हवेचे ब्रेक बसवून मिळतात. खर्च होतो, पण डोंगरी भागात नेणाऱ्यांनी यात काटकसर करू नये. रानातून रस्त्यावर आलं की ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल पत्तीनं जोडायला विसरू नये, नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर वळतो. उतार सुरू होण्याआधीच लहान गिअर टाकावा आणि मध्ये क्लच दाबू नये.

मागचे दिवे रानातच तुटतात, वायर उसात अडकून निघते. वायर चासीच्या आतून पाइपमधून घ्यावी आणि दिवे फाळक्याखाली आत बसवावेत. रिफ्लेक्टर मागं लाल, बाजूला पिवळा, पुढं पांढरा. हंगामाच्या सुरुवातीला लावलेला रिफ्लेक्टर आठवड्यात चिखलानं झाकला जातो, नाहीतर वाढं वरून लोंबतं. रस्त्यावर चढण्याआधी बाटलीभर पाण्यानं तो धुवावा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रात्री तेवढाच दिसतो. टेपचा आवाज इतका मोठा असतो की मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नाही, हे तर सगळ्या गावांना माहीत आहे.

ट्रॉली पाण्यातून गेली असेल तर हबमधलं ग्रीस बघावं. दुधासारखं पांढरट झालं असेल तर आत पाणी गेलंय, बेअरिंग फार दिवस टिकणार नाही. रस्त्यावर थांबल्यावर हब हाताला चटका देत असेल तरी तेच समजावं.

बदल करताना कायदा

ट्रॉलीला स्वतंत्र नोंदणी असते आणि तिचा नंबर मागं हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणजे साटा लांब केला, धुरा वाढवला तर आरटीओची मंजुरी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. माल बाजूला, मागं किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्यालाही २० हजार आहेत.

विम्याचं कागद काढून एकदा बघावं. पॉलिसी फक्त ट्रॅक्टरची आहे की तिच्यात ट्रॉलीचा नंबरही आहे? अपघात झाल्यावर वाद तिथूनच सुरू होतो. ट्रॉली मालासाठी आहे. वऱ्हाड असो, देवदर्शन असो की तोडीची टोळी, साट्यात बसलेल्या माणसांना काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येते.