अविवाहित शिपायाची खोली

मुलगा परगांवीं निघाला म्हणजे आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला: उतरणार कोठें? मामाचें घर, वसतिगृह, ओळखीच्या कुटुंबांतील एखादी खोली, कांहीं तरी उत्तर निघतेंच. अमेरिकेंत अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा सैन्यांत नांव नोंदवितो तेव्हां हा प्रश्न निघतच नाहीं. त्याचें उत्तर सरकारनें आधींच ठरविलेलें असतें.

१९७३ सालीं सक्तीची भरती बंद झाल्यापासून त्या देशाचें सैन्य स्वेच्छेनें येणाऱ्यांचें आहे. विवाहित शिपायास तळावर घर मिळतें, किंवा बाहेर राहण्यासाठीं भत्ता मिळतो. भत्त्याचा दर हुद्दा, नेमणुकीचें ठिकाण आणि आश्रित आहेत कीं नाहींत, या गोष्टींवर ठरतो. अविवाहित कनिष्ठ शिपायास मात्र बहुधा निवड नसते. त्याला बराकींत खोली मिळते, आणि खोली मिळाली म्हणून भत्ता मिळत नाहीं. भूसेनेंत स्टाफ सार्जंटच्या हुद्द्यास पोंचलेला एकटा माणूस बाहेर बिऱ्हाड करूं शकतो. वायुसेनेंत साधारणतः पहिलीं तीन वर्षें वसतिगृहांत काढावीं लागतात.

१९९५ सालीं असें ठरलें कीं, प्रत्येक शिपायास निजण्यास स्वतंत्र खोली असावी व दोघांत मिळून एक न्हाणीघर असावें. मरीन दलानें सवलत मागून घेऊन एका खोलींत दोघांस ठेवण्याची रीत चालू ठेविली. एकत्र राहिल्यानेंच जिवाभावाचे सोबती तयार होतात, असें त्यांचें म्हणणें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस तें परकें वाटत नाहीं. पण चार भावांनीं माजघरांत निजणें वेगळें, आणि ओल चढलेल्या भिंतीशेजारीं दोन परक्यांनीं निजणें वेगळें. २०२३ च्या सप्टेंबरांत अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयानें दहा तळ पाहून अहवाल प्रसिद्ध केला. बुरशी, तुंबलेलें सांडपाणी, नादुरुस्त आगसूचक यंत्रें, रिकाम्या खोल्यांत परवानगीवांचून येऊन राहिलेलीं माणसें, हें सारें त्यांत आहे. कुटुंबांचीं घरें १९९६ च्या कायद्यान्वयें खाजगी कंपन्यांकडे गेलीं. बराकी बहुतांशीं सैन्याकडेच राहिल्या, आणि त्यांची दुरुस्ती वर्षानुवर्षें लांबत गेली.

खलाशांचें त्याहून कठीण. धाकट्या खलाशाचें घर म्हणजे त्याचें जहाज. तें बंदरांत असलें तरी त्याचें अंथरूण एकावर एक तीन फळ्यांपैकीं एकीवरच. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ही विमानवाहू नौका न्यूपोर्ट न्यूजच्या गोदींत दुरुस्तीसाठीं उभी असतांना सुमारें चारशें खलाशी ठोकाठोकींतच तिच्यावर राहत होते. २०२२ च्या एप्रिलांत आठवड्याभरांत तिच्यावर नेमलेल्या तीन तरुणांनीं आत्महत्या केली. प्रत्येकाचें दुःख निराळें असेल, त्याचा निवाडा आम्हीं करूं नये. परंतु त्यानंतर नौदलानें दोनशेंहून अधिक खलाशांस जहाजाबाहेर जागा दिली, एवढें खरें.

घरांतील वडीलधाऱ्यांनीं विचार करण्याजोगी गोष्ट आणखी पुढेंच आहे. लग्न झालें कीं बराक सुटते आणि भत्ता सुरू होतो. कित्येक मुलें याच ओढीनें, पुरती ओळख होण्याआधींच, बोहल्यावर चढतात. कांहीं जण तर केवळ कागदावर लग्न करून पैसे वांटून घेतात. हा गुन्हा ठरून त्याबद्दल शिक्षाही झाल्या आहेत. लबाडी ती लबाडीच. पण एकट्याला बुरशीची खोली आणि दुकट्याला घरभाडें, असा नियम करणाऱ्यांनीं मुलांच्या उतावळेपणाचें नवल करूं नये. आपल्याकडे गोत्र व पत्रिका पाहून लग्नें जुळत आलीं. तेथें भत्त्याचा तक्ता पाहूनही जुळतात. कोणीं कोणास हसावें?

हुद्दा वाढून एकट्याला बाहेर पडतां आलें तरी आश्रित नसल्यामुळें त्याचा भत्ता कमी दराचा असतो. म्हणून दोघेतिघे मित्र मिळून एक घर भाड्यानें घेतात, खर्च वांटून घेतात, आणि भांडीं घांसण्याची पाळी कोणाची यावरून तंटत बसतात.