तिफण गेली, पुडी आली

सोलापूरच्या काळ्या रानात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्याआधी दहा वर्षे पुण्याजवळ मांजरीला याच कामाची सुरुवात झाली होती. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा प्रश्न अगदी साधा होता. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा, मग पडलेले पाणी जमिनीत कसे राखायचे? त्यातून जी पद्धत तयार झाली ती पुढे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखली गेली. बांधबंदिस्ती करा, पेरणीआधी कुळवाच्या पाळ्या घाला, बी कमी टाका, दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, आणि पीक उभे असताना वरचेवर कोळपा. त्यात विकत आणायचे असे जवळजवळ काहीच नव्हते. मला वाटते, ती मागे पडण्याचे एक कारण हेच होते. दुसरेही कारण होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एवढे कष्ट करून उत्पादनात वाढ होई ती थोडीच.

त्या काळची शेती सुखाची होती असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. ज्वारीवर काणी आली की कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरायची. बियाण्याला गंधक चोळले की काणी आटोक्यात येते, हे कळले आणि चिमूटभर गंधकाने पोतीच्या पोती वाचवली. आजही किलोला चार ग्रॅम गंधकाची शिफारस कायम आहे. पण जुन्या पद्धतीत एक शहाणपण खोलवर मुरलेले होते. गावरान ज्वारी दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्यात यायची, म्हणजे दाणा भरेपर्यंत पाऊस सरलेला असायचा. मोहोळच्या केंद्रात गावरान वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ अजून रब्बीत पेरली जाते. तिची भाकरी आणि तिचा कडबा दोन्ही लोकांना हवे असतात.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. ताट बुटके, दाणा भरघोस. खरिपाच्या उत्पादनाने मोठी उडी घेतली. पण लवकर येणारा हा वाण भर पावसात पक्व व्हायचा आणि कणसे काळी पडायची. पेरणी लांबली तर खोडमाशी पोंगे मारायची. कडबा कमी भरायचा. भाकरीबद्दल म्हाताऱ्या माणसांनी काय काय म्हटले ते लिहीत नाही. तरीही १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या राज्याला पोटभर दाणा हवा होता. त्या वेळी नाक मुरडण्याची चैन परवडणारी नव्हती. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठेही उभी राहिली.

खरा पालट मात्र पुढे झाला, आणि तो हळूहळू झाला म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नाही. विदर्भ-मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. साधारण शंभर दिवसांत पैसा हाती, वर त्याच रानात हरभरा घेता येतो. शेतकऱ्याने हिशेब केला तो बरोबरच होता. पण सोयाबीनचे रान कडबा देत नाही. कडबा नाही तर बैल कशावर पोसायचे? बैल गेले तशी तिफण आडोशाला लागली, तिच्यामागे सरते धरून तुरीचे दाणे सोडणाऱ्या बाईचे काम गेले, मिश्र पिकाच्या ओळी गेल्या. डवरणी, कोळपणी करायला औत उरले नाही आणि खुरपणीला मजूर मिळेना. मग तणनाशकाची बाटली आली. कुणाला आळशी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. एकेक दुवा तुटत गेला आणि शेवटी हाती फवारणीचा पंप तेवढा राहिला.

कोळपणीचा उपयोग तण काढण्यापुरता नव्हता, ही गोष्ट या गडबडीत बाजूला पडली. रब्बी ज्वारीत पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने करावी, अशी शिफारस आहे. तिसऱ्या वेळी तण फारसे नसतेच. तेव्हा काळ्या जमिनीला भेगा पडू लागलेल्या असतात आणि त्या बुजवल्या की आतली ओल उडून जात नाही. तणनाशक हे काम करू शकत नाही.

कपाशीची गोष्ट याहून बोलकी आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत राज्यातली जवळजवळ सगळी कपाशी बीटी झाली. त्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीची पुडी फुकट मिळायची. ती रानाच्या कडेने पेरायची होती, म्हणजे बोंडअळीला बीटीची सवय लागायला वेळ लागला असता. बहुतेकांनी ती पेरलीच नाही. जिच्यातून बोंडांचे पीक कमी येणार अशी पट्टी कोण राखून ठेवणार? शिवाय हे नीट समजावणारेही थोडेच होते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. याच सुमारास तणनाशक सोसणारे विनापरवाना बियाणे ‘चोर बीटी’ या नावाने फिरू लागले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिले. कायद्याचे काय ते होवो, पण खुरपणीच्या खर्चाने माणूस किती टेकीस आला आहे, हे त्यातून कळले.

हा सगळा मागोवा घेताना एक गोष्ट वारंवार दिसते. जे पाकिटात किंवा बाटलीत भरून विकता येते, ते चार हंगामांत गावोगाव पोचते. उताराला आडवी पेरणी, बीजप्रक्रिया, ओल राखणारी कोळपणी, बीटीच्या कडेची साधी कपाशी यांचा विक्रेता कुणीच नसतो. कृषी खाते आणि विद्यापीठे सांगतात, पण दुकानदार रोज भेटतो आणि कृषी सहायक कधीतरी. रुंद सरी-वरंब्याचे बीबीएफ यंत्र त्यातल्या त्यात पसरले, कारण ते यंत्र आहे.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाडा-विदर्भात तक्रारींचा ढीग पडला. बियाण्यात दोष होताच, पण खोल पेरणी आणि अपुऱ्या ओलीवरची घाई ही कारणेही होती. तेव्हा वाचकांपैकी ज्यांच्या घरी सोयाबीन आहे त्यांना एवढीच विनंती. मे महिन्यात घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि आठवड्याने कोंब मोजा. सत्तरच्या वर असतील तर बियाणे पेरण्याजोगे आहे, कमी असतील तर वेळीच दुसरी सोय करा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, मग पेरणी ट्रॅक्टरची असली तरी.