मेड इन यूएसए आणि हिरवं पान

उल्हासनगरचा तो जोक तुम्हाला ठाऊक असेलच. मालावर ‘मेड इन यूएसए’ छापलंय? म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पांतून उभ्या राहिलेल्या या शहराने मुंबईला स्वस्तात स्टाईल पुरवली आणि लेबल कसं खपतं तेही दाखवून दिलं. आता अमेरिकेची क्रेझ ओसरलीय. आता टॅगवर हिरवं पान असतं. ‘इको’, ‘कॉन्शस’, ‘नॅचरल’, ‘ग्रीन’... आणि किंमत जराशी वर!

मी बदलापूरकर. अंबरनाथ, उल्हासनगर ही स्टेशनं माझ्या रोजच्या वाटेवरची. त्यामुळे जीन्सवर असं पान दिसलं की मला आधी आठवते ती वालधुनी. अंबरनाथच्या साडेनऊशे वर्षं जुन्या शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाते. जीन्सला फेडेड लुक द्यायचा तर भरपूर पाणी लागतं, केमिकल्सही लागतात. ते रंगीत पाणी वर्षानुवर्षं नाल्यांतून वालधुनीत गेलं. ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल इथल्या पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पुढे उल्हासनगरातल्या जीन्स धुलाईच्या शेकडो युनिट्सना टाळं लागलं. कामगारांच्या हातचं काम गेलं. फेडेड जीन्सची फॅशन मात्र होती तिथेच आहे.

म्हणून टॅग वाचताना माझा प्रश्न एकच असतो: या कपड्याचं पाणी गेलं कुठे?

कुठलं लेबल काय बोलतं?

ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० : १९९२ पासूनचं हे लेबल तयार कपडा तपासतं. कापड, दोरा, बटण, झिप, सगळं. अंगाला अपायकारक द्रव्यं मर्यादेत आहेत ना, एवढंच ते बघतं. तान्ह्या बाळांच्या कपड्यांना सगळ्यात कडक निकष. तुमच्या त्वचेसाठी झकास! पण कापूस सेंद्रिय आहे का, नदीचं काय झालं, यावर ते गप्प.

गॉट्स : म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाईल स्टँडर्ड. किमान ७० टक्के धागा सेंद्रिय हवा; थेट ‘ऑरगॅनिक’ म्हणायचं तर ९५ टक्के. शिवाय रंगाई-धुलाईच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची अट. माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं लेबल हेच. पण डोळे मिटून विश्वास नको. २०२० मध्ये खुद्द गॉट्सनेच भारतातल्या तब्बल २० हजार टन कापसाचे बनावट दाखले उघडकीला आणले होते.

जीआरएस : रिसायकल्ड मालाचं लेबल. कपड्यावर लोगो लावायला निम्मा माल तरी रिसायकल्ड हवा. मात्र बाटल्यांपासून बनलेला टी-शर्टसुद्धा शेवटी पॉलिएस्टरच. धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातातच.

हँडलूम मार्क : कपडा हातमागावरचा आहे, हे सांगतो. रंग कुठला वापरला, हे सांगत नाही.

आणि नुसतं हिरवं पान? ते काहीच सांगत नाही. पान छापायला कुणाची परीक्षा द्यावी लागत नाही, बॉस!

ट्रायल रूममधला होमवर्क

खऱ्या गॉट्स लेबलवर लोगोबरोबर तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असतो. ओएको-टेक्सवरही नंबर असतो. तो त्यांच्या साइटवर टाका, दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं. नंबरच नसेल तर ‘इको’साठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरोधात मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असं म्हणायचं तर आता पुरावा द्यावा लागतो. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

उलट, लेबल नाही म्हणजे माल वाईटच, असंही नाही. सर्टिफिकेटला पैसा लागतो आणि गल्लीतल्या छोट्या कारखानदाराला तो परवडतोच असं नाही. तिथे माझा साधा नियम आहे: गडद, न फेडलेली, न फाडलेली जीन्स घ्यायची. जितकी कमी फेड, तितकी धुलाई कमी. ती घालून घालून आपोआप फेड होईल, आणि तो लुक फक्त तुमचा असेल!

आणखी एक आकडा. लेव्हाइजने २०१५ मध्ये हिशेब मांडला, की त्यांच्या एका जीन्सला तिच्या पूर्ण आयुष्यात ३,७८१ लिटर पाणी लागतं. त्यातला मोठा वाटा कापसाच्या शेतीचा, पण जवळपास पाव हिस्सा आपल्या घरच्या धुण्याचा. तेव्हा जीन्स दर वेळी मशीनमध्ये कोंबू नका. झिप गेली, गुडघा विरला तर नाक्यावरच्या टेलरकडे द्या. कपाटातली जुनी जीन्स आणखी दोन वर्षं चालली, तर तिच्यासाठी पाणी दुसऱ्यांदा खर्ची पडत नाही. कुठल्याच नदीचं.