रंग, उजेड आणि पायाची जखम
रोवणीचे दिवस. लाखांदूरच्या धानाच्या बांधीत दिवसभर अनवाणी चिखलात. मधुमेहाने पाय बधिर असेल, तर काटा रुतल्याचं संध्याकाळी पाय धुतानाच कळतं. जखम चिघळली की तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर साचतो, औषधं त्यात नीट शिरत नाहीत. यावर अभ्यासला जाणारा एक उपाय असा: जखमेवर मेथिलीन ब्लूसारखा रंग लावायचा, थोडं थांबून ठरावीक लाल प्रकाश पाडायचा. रंग प्रकाश शोषतो, ऑक्सिजनचं आक्रमक रूप तयार होतं आणि जिवाणूंची आवरणं फाटतात. कल्पना जुनीच, १९०० च्या सुमारास म्युनिकच्या ऑस्कर राब या संशोधकाला रंग आणि उजेड एकत्र आल्यावर सूक्ष्मजीव मरताना दिसले होते. पण हा उजेड फार खोल जात नाही, हाडात शिरलेल्या संसर्गाला पुरत नाही. मेलेलं मांस काढणं, पायावरचा भार टाळणं, साखर आवरणं सुटत नाहीच. आणि हो, घरी रंग फासून उन्हात पाय धरणं म्हणजे हा उपचार नव्हे.