अंतराळस्थानकाचें भाडें

कुंडलहून रस्त्यानें मुंबई जितकी दूर, त्याहून थोड्याच अधिक उंचीवर, म्हणजे भूपृष्ठापासून सुमारें ४०० किलोमीटरवर, आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक फिरत असतें. अंतर एवढेंच असतां तेथें जाणाऱ्या एका मनुष्याचें भाडें कोट्यवधि रुपये कां व्हावें?

याचें कारण उंचींत नसून वेगांत आहे. स्थानकापाशीं नुसतें पोहोंचून भागत नाहीं. त्याच्याबरोबर सेकंदाला सुमारें पावणेआठ किलोमीटर धावावें लागतें. या वेगानें कुंडलकरास मुंबई पाऊण मिनिटांत गांठतां येईल! तो वेग देण्यासाठीं भारताचा ६४० टनी एलव्हीएम-३ अग्निबाण उडतो, आणि खालच्या कक्षेंत त्याचा माल पोहोंचतो अवघा ८ टनांच्या आसपास.

तरी खर्चाचा मोठा वांटा इंधनाचा नव्हे. पैसा जातो तो यंत्रांत व तीं राखणाऱ्या माणसांत. कुंडलच्या ऊसकऱ्यास हें समजावून सांगावयास नको. गळीत हंगाम आंखडला म्हणून कारखान्याच्या कर्जाचें व्याज आणि कायम नोकरांचे पगार आंखडत नाहींत. सारा भार थोड्या पोत्यांवर पडतो. अग्निबाणाचें तेंच आहे.

मग वाहन पुन्हा पुन्हा वापरलें तर? अमेरिकेच्या स्पेस शटलनें १९८१ ते २०११ या काळांत १३५ उड्डाणें केलीं. परंतु प्रत्येक फेरीनंतर त्याच्या हजारों उष्णतारोधक फरशा तपासाव्या लागत, आणि एकंदर खर्च फेऱ्यांवर वांटला असतां दर फेरीस सुमारें दीड अब्ज डॉलर पडले. उलट रशियाचा सोयूझ अग्निबाण दरवेळीं टाकून दिला जातो. पण तोच नमुना वर्षानुवर्षें घडत राहिल्यानें तो परवडत आला. शटल थांबल्यावर मात्र अमेरिकेस तेवढाच आधार उरला, आणि सोयूझच्या एका आसनाचा दर ९ कोटि डॉलरच्या घरांत गेला. एकच नावाडी असलेल्या घाटावर भाडें कोण ठरवितो, हें कृष्णाकांठच्या माणसास ठाऊक आहे.

म्हणून नासानें दोन कंपन्यांस काम दिलें. २०१९ च्या सरकारी तपासणींत स्पेसएक्सच्या ड्रॅगनचें आसन सुमारें साडेपांच कोटि डॉलरांचें, तर बोइंगच्या स्टारलायनरचें ९ कोटींचें निघालें. ड्रॅगनला नेणाऱ्या अग्निबाणाचा खालचा टप्पा परत उतरतो आणि तोच नमुना एरवीं उपग्रह वाहतो; प्रवाशांवर सारा बोजा पडत नाहीं. २०२५ च्या जूनमध्यें शुभांशु शुक्ला याच वाहनानें गेले. जून २०२४ मध्यें स्टारलायनरनें गेलेल्या सुनीता विल्यम्स यांनाही, त्या यानांत बिघाड झाल्यावर, मार्च २०२५ मध्यें ड्रॅगननेंच परत आणलें. दोन नावा ठेवण्याचा खर्च तेव्हां वसूल झाला.

भारतानें गगनयानासाठीं नवा अग्निबाण न घडवितां उपग्रहांचा एलव्हीएम-३ च मानवी प्रवासास योग्य करण्याचें ठरविलें. त्याच्या एस-२०० या घन इंधनाच्या पार्श्व-अग्निबाणाचा एक भाग २०२० मध्यें पवईहून रवाना झाला. वालचंदनगरचा कारखाना, जो साखर कारखान्यांची यंत्रेंही करीत आला, त्यानेंही याच अग्निबाणांचीं आवरणें घडविलीं आहेत.

एका ठिकाणीं मात्र काटकसर चालत नाहीं. संकटकाळीं प्रवाशांची कुपी अग्निबाणापासून दूर ओढणारी यंत्रणा बहुधा कधींच वापरावी लागत नाहीं; पण ऑक्टोबर २०१८ मध्यें सोयूझ बिघडला तेव्हां दोघांचे प्राण अशाच यंत्रणेनें वांचविले. भारतानें तिची चांचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजीं घेतली.

२०३५ पर्यंत स्वतःचें स्थानक उभारण्याचा भारताचा संकल्प आहे. तेथें वारंवार जावयाचें तर प्रत्येक वेळीं सारा अग्निबाण गमावून भागणार नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें सरकारनें ८,२४० कोटि रुपये मंजूर केले, ते पहिला टप्पा पुन्हा वापरतां येईल अशा नव्या अग्निबाणासाठीं.